यंत्र एका कंपनीचे, रिएजंट दुसऱ्या कंपनीचे

सभासद बंधू-भगिनींपैकी कोणीही भेटले की मला हमखास विचारतात, "हल्ली तुमच्या लॅबमध्ये मशीन कोणते आहे?" प्रश्न जिव्हाळ्याचा असतो आणि उत्तर देताना मलाही थोडा अभिमान वाटतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या यंत्रात ओतले जाणारे रसायन कोणाचे आहे, हा प्रश्न आजवर मला फार थोड्यांनी विचारला. खरे पाहता रुग्णाच्या रिपोर्टवरील आकडा जितका यंत्राचा असतो, तितकाच, किंबहुना काकणभर अधिकच, त्या रसायनाचा असतो. प्रस्तुत लेखात ह्या दुर्लक्षित बाटलीविषयी चार गोष्टी सांगाव्यात, असा हेतू आहे. रोगनिदानशास्त्र हा ज्यांचा विषय नाही, त्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच मी लिहीत आहे.

रक्ताची तपासणी यंत्रावर होते असे आपण म्हणतो. पण यंत्राला साखर दिसत नाही, क्रिएटिनिन दिसत नाही आणि एन्झाइमही दिसत नाहीत. त्याला दिसतो तो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश आणि त्या प्रकाशाचे शोषण. सीरममधील अदृश्य पदार्थाचे दृश्य रंगात, किंवा ३४० नॅनोमीटरवरील शोषणात, रूपांतर करण्याचे काम अभिकर्मक, म्हणजे आपण रोजच्या भाषेत म्हणतो ते रिएजंट, करते. सीरम किती घ्यायचे, रिएजंट किती घालायचे, किती सेकंदांनी वाचायचे आणि आलेल्या शोषणाला कशाने गुणायचे, हे सर्व यंत्राच्या स्मृतीत लिहिलेले असते. आणि ते एका विशिष्ट रिएजंटला गृहीत धरून लिहिलेले असते. बाटली बदलली आणि गृहीतक तेच राहिले, तर यंत्र कसलीही तक्रार न करता दशांश चिन्हासह एक सुबक आकडा छापून देते. चूक झाली तर ती अशी सुबक असते, हीच खरी अडचण आहे.

१९५७ साली लिओनार्ड स्केग्ज ह्या अमेरिकन जीवरसायनतज्ज्ञाच्या कल्पनेवर आधारलेले 'ऑटोअॅनालायझर' टेक्निकॉन कंपनीने बाजारात आणले, तेव्हापासून प्रयोगशाळेतील हात हळूहळू यंत्रांनी घेतले. तरी रसायने पुष्कळ काळ प्रयोगशाळेतच तयार होत असत. माझ्या विद्यार्थिदशेत पिक्रिक आम्लाचे संपृक्त द्रावण बाटलीत मुरत ठेवलेले असे, आणि ते बिघडले तर कोणाला जबाबदार धरायचे हे सर्वांना ठाऊक असे. पुढे तयार किट आले आणि त्यापाठोपाठ दोन पंथ पडले. एक 'क्लोज्ड सिस्टिम'चा : यंत्र आणि रिएजंट एकाच कंपनीचे, बाटलीवर बारकोड किंवा चिप, दुसरी बाटली यंत्र स्वीकारतच नाही. दुसरा 'ओपन सिस्टिम'चा : यंत्र कोणाचेही, रिएजंट कोणाचेही, आणि तपासणीचे मापदंड प्रयोगशाळेने स्वतः भरायचे. बंदिस्त यंत्र पुष्कळदा विनामूल्य किंवा नाममात्र भाड्याने मिळते आणि त्याची किंमत रिएजंटमधून वर्षानुवर्षे वसूल होते. मोठ्या रुग्णालयाला हा व्यवहार परवडतो. धार, खरगोन, देवास अशा ठिकाणी रोज चाळीस-पन्नास नमुने तपासणाऱ्या व्यावसायिकाला तो परवडेलच असे नाही. म्हणून तो ओपन यंत्र घेतो आणि स्वस्त रिएजंट वापरतो. त्यात गैर काही आहे असे मी मानत नाही. मी स्वतः अनेक तपासण्यांसाठी यंत्राच्या कंपनीचे नसलेले, 'थर्ड पार्टी' म्हणतात तसे, रिएजंट वापरतो. प्रश्न आहे तो कसे वापरतो ह्याचा.

थोडे विषयांतर वाटेल, पण ह्या प्रश्नाचे सर्वांत सोपे रूप मला प्रयोगशाळेबाहेर पाहावयास मिळाले. आमच्या परिचयातील एका भूलतज्ज्ञांच्या घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय आहे. त्यात मासे थोडे आणि प्रवाळ अधिक. प्रवाळ आपला सांगाडा बांधण्यासाठी पाण्यातील कॅल्शियम आणि कार्बोनेट सतत उचलत असतात, त्यामुळे पाण्याची क्षारता रोज मोजून भरून काढावी लागते. हल्ली त्यासाठी स्वयंचलित यंत्रे मिळतात. यंत्र स्वतःच पाण्याचा नमुना ओढते, त्यात रंगदर्शक घालते आणि रंग बदलेपर्यंत आम्ल सोडते. किती आम्ल लागले ह्यावरून क्षारतेचा हिशेब होतो. कंपनीचे आम्ल महाग, म्हणून हौशी मंडळी दुसऱ्याचे वापरू पाहतात. समजा, हे दुसरे आम्ल ५ टक्क्यांनी अधिक तीव्र आहे. रंग बदलायला ते कमी लागेल. यंत्र मात्र जुन्याच तीव्रतेने हिशेब करील आणि ८ जर्मन अंश क्षारता ७.६ म्हणून दाखवील. पाण्यात काहीच बदललेले नसते, मोजपट्टी बदललेली असते. यंत्राला डोसिंग पंप जोडलेला असला तर गोष्ट पुढे जाते : पडद्यावर ८ दिसावेत म्हणून पंप खरी क्षारता ८.४ पर्यंत चढवून ठेवतो आणि मालक समाधानी राहतो. रिपोर्ट पाहून इन्शुलिन किंवा थायरॉक्सिनची मात्रा बदलणाऱ्या आपणा सर्वांना ही गोष्ट ओळखीची वाटावी. आमच्या स्नेह्यांनी ज्ञात क्षारतेचे द्रावण आणून ते दोन्ही आम्लांनी मोजले आणि यंत्र नव्या आम्लानुसार कॅलिब्रेट केले. तेवढ्याने त्यांचे काम भागले.

त्यांचे भागले, कारण ती अभिक्रिया साधी आहे आणि चूक सर्वत्र एकाच प्रमाणात आहे. सीरमचे तसे नसते. सीरममध्ये प्रथिने आहेत, चरबी आहे, बिलिरुबिन आहे, रुग्णाने घेतलेली औषधे आहेत. आणि दोन कंपन्यांची एकाच नावाची रिएजंटे ह्या सर्वांशी वेगवेगळी वागतात.

प्रथम साधा अंकगणिताचा भाग घेऊ. एसजीपीटीच्या किटमधील पत्रकावर पुष्कळदा १७६८ हा गुणक छापलेला आढळतो. हा आकडा आकाशातून पडलेला नाही. १००० मायक्रोलिटर रिएजंटमध्ये १०० मायक्रोलिटर सीरम घातले तर एकूण आकारमान सीरमच्या ११ पट होते. एनएडीएचचा ३४० नॅनोमीटरवरील शोषणांक ६.२२ धरला आणि प्रकाशाचा मार्ग १ सेंटिमीटर धरला, की ११ गुणिले १००० भागिले ६.२२ म्हणजे १७६८. आता स्वयंचलित यंत्रात रिएजंटची बचत व्हावी म्हणून सीरम आणि रिएजंट ह्यांचे प्रमाण १ : २० ठेवले, तर योग्य गुणक ३३७६ होतो. तंत्रज्ञाने पत्रकावरचा १७६८ तसाच भरला, तर १२० युनिट एसजीपीटी असलेल्या रुग्णाचा रिपोर्ट ६३ येईल. दोन्ही आकडे वाढलेलेच आहेत हे खरे, पण क्षयरोगाची औषधे थांबवायची की नाही ह्याचा निर्णय अशाच आकड्यांवर होत असतो.

ही चूक निदान सापडते तरी. कंट्रोल सीरम लावले की पहिल्याच दिवशी उघड होते. ज्यात चूक कोणाचीच नसते, तो प्रकार अधिक अवघड. अल्कलाइन फॉस्फटेजचे उदाहरण मी नेहमी देतो. सर्व किटांत मूळ पदार्थ तोच, पॅरा-नायट्रोफेनिल फॉस्फेट; तयार होणारा रंगही तोच, पिवळा. पण द्रावणाचा बफर दोन प्रकारचा असतो. एकाला ए.एम.पी. म्हणतात, दुसऱ्याला डी.ई.ए. एन्झाइमने तोडलेला फॉस्फेट गट हे बफर स्वतःकडे घेतात आणि डी.ई.ए. ते काम अधिक वेगाने करते. परिणाम असा, की एकाच सीरमचा डी.ई.ए.वरील आकडा ए.एम.पी.वरील आकड्याच्या साधारण दुप्पट, कधी त्याहूनही अधिक येतो. म्हणून प्रौढांत एकाची वरची मर्यादा १३०च्या आसपास, तर दुसऱ्याची ३००च्या आसपास. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले असते फक्त 'अल्कलाइन फॉस्फटेज'. बफरचे नाव आतल्या पत्रकात, बारीक टायपात.

काही वर्षांपूर्वी एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ माझ्याकडे आले. प्रोस्टेटच्या कर्करोगावर त्यांचे उपचार होऊन चार वर्षे झाली होती. दर तीन महिन्यांनी पीएसए आणि अल्कलाइन फॉस्फटेज करण्याचा शिरस्ता. दोन वर्षे ९०च्या घरात राहिलेला आकडा एकदम २१४ झाला. खाली संदर्भमर्यादा छापलेली होती ४० ते १३०, आणि आकडा ठळक अक्षरात. पीएसए वाढलेले नव्हते, तरी हाडांत आजार पसरला असावा ही शंका आली, आणि ती शंका येणे योग्यच होते. बोन स्कॅनची वेळ मिळून तो होईपर्यंत दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत त्या घरात काय घडले असेल ह्याची कल्पना आपण करू शकतो. मुलगी पुण्याहून रजा काढून आली होती, एवढे मला त्यांच्या तोंडून कळले. स्कॅन स्वच्छ निघाला. त्यांच्या सर्जननी तोच नमुना पुन्हा तपासावा म्हणून माझ्याकडे पाठवले. आमच्या ए.एम.पी. पद्धतीवर उत्तर आले ९३. मग मी आधीच्या प्रयोगशाळेला फोन केला. तेथील तंत्रज्ञ सरळ मनाचा होता. नेहमीचे रिएजंट मिळेना म्हणून गेल्या महिन्यात दुसऱ्या कंपनीचे आणले, कॅलिब्रेशन केले, कंट्रोलही लावला, असे त्याने सांगितले. मी बफर विचारला. तो खोके उघडून पत्रक वाचेपर्यंत मी फोन धरून राहिलो. डी.ई.ए. निघाले. २१४ हा आकडा अगदी बरोबर होता. त्याच्याखाली छापलेली मर्यादा दुसऱ्या बाटलीची होती.

क्रिएटिनिनची कथा ह्याहून गुंतागुंतीची. माक्स याफे ह्यांनी १८८६ साली वर्णन केलेली क्षारयुक्त पिक्रेटची अभिक्रिया आजही असंख्य प्रयोगशाळांत वापरली जाते, कारण ती स्वस्त आहे. तिचा दोष असा, की नारिंगी रंग केवळ क्रिएटिनिन देत नाही. प्रथिने देतात, अॅसिटोअॅसिटेट देते, साखर फार वाढली तर तीही देते, आणि काही सेफॅलोस्पोरिन देतात. उलट बिलिरुबिन आकडा खाली ओढते. हा दोष झाकण्यासाठी काही कंपन्यांनी एक युक्ती केली : आलेल्या उत्तरातून यंत्रानेच एक ठरावीक रक्कम, साधारण ०.२ ते ०.३ मिलिग्रॅम, वजा करायची. ही वजाबाकी यंत्राच्या मापदंडात असते, बाटलीत नसते. आता त्याच जागी दुसऱ्या कंपनीचे असे याफे रिएजंट ठेवले की ज्याचा कॅलिब्रेटर ही वजाबाकी गृहीत धरत नाही, तर काय होईल? साठ वर्षांच्या पुरुषाचे क्रिएटिनिन १.५ असताना रिपोर्ट १.२ जाईल. सीकेडी-ईपीआयच्या २०२१च्या सूत्राने १.५ला ईजीएफआर सुमारे ५३ येतो आणि १.२ला सुमारे ६९. मधली ६०ची रेघ मूत्रपिंडविकाराच्या वर्गीकरणात किती महत्त्वाची, हे आपणांस सांगावयास नको. लहान मुलांत तर मूळ आकडाच ०.३ ते ०.४ असतो, त्यातून ०.३ गेले तर उरले काय? बालरोगतज्ज्ञ सभासदांनी आपल्या प्रयोगशाळेला ही एक गोष्ट अवश्य विचारावी.

ह्यावर उपाय म्हणून एन्झाइम पद्धतीचे रिएजंट घ्यावे, हे खरेच. मी स्वतः तेच वापरतो. पण तेथेही सर्व बाटल्या सारख्या नाहीत. ह्या पद्धतीच्या शेवटी पेरॉक्सिडेजची रंगक्रिया असते आणि काही औषधे तो रंग उमटूच देत नाहीत. रक्तस्राव थांबावा म्हणून दिले जाणारे इथॅमसिलेट आणि मूळव्याधीसाठी किंवा मधुमेही दृष्टिपटलविकारासाठी दिले जाणारे कॅल्शियम डोबेसिलेट ही त्यांतील ठळक नावे. औषध रक्तात असताना नमुना घेतला तर क्रिएटिनिन खोटे कमी येते. किती कमी, हे रिएजंट कोणत्या कंपनीचे त्यावर अवलंबून असते. रुग्ण कोणते औषध घेतो हे फॉर्मवर लिहिण्याची पद्धत आपल्याकडे जवळजवळ नाहीच. ती पडावी असे मला मनापासून वाटते, पण तो निराळ्या लेखाचा विषय आहे.

एसजीपीटीकडे पुन्हा थोडे वळतो, कारण तेथे दोन सापळे आहेत. ह्या एन्झाइमला काम करण्यासाठी पायरिडॉक्सल फॉस्फेट, म्हणजे बी-६ जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप, लागते. आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीच्या रिएजंटमध्ये ते घातलेले असते. बाजारातील बहुतेक स्वस्त किटांत नसते. निरोगी माणसात फरक मामुली पडतो. परंतु ज्यांच्यात बी-६ची कमतरता असते, उदाहरणार्थ मद्यपी, डायलिसिसवरील रुग्ण, आणि पायरिडॉक्सिनची जोड न देता आयसोनायझिड चालू असलेले रुग्ण, त्यांच्यात बिना-पायरिडॉक्सलचे रिएजंट यकृताची इजा प्रत्यक्षाहून कमी दाखवते. म्हणजे ज्याची काळजी सर्वाधिक, त्याचाच आकडा सर्वांत फसवा. दुसरा सापळा फार मोठ्या आकड्यांचा. तीव्र काविळीत एन्झाइम इतके असते की रिएजंटमधील एनएडीएच वाचन सुरू होण्याआधीच संपून जाते. मग शोषणात घट दिसत नाही आणि यंत्र 'नॉर्मल' असा रिपोर्ट देऊ शकते. यंत्रात ह्यासाठी इशारा देणारी मर्यादा भरावी लागते आणि ती प्रत्येक रिएजंटच्या सुरुवातीच्या शोषणानुसार वेगळी असते. बाटली बदलली की ही मर्यादाही बदलली पाहिजे, हे विसरले जाते. सीरम हळदीसारखे पिवळे आणि एसजीपीटी ३० असा रिपोर्ट आला, तर आपण फोन उचलावा; प्रयोगशाळेने नमुना पातळ करून पुन्हा लावला की हजाराचा आकडा बाहेर येतो.

आणखी एक गोष्ट, जी कंपन्यांचे विक्रेते कधीच सांगत नाहीत. स्वयंचलित यंत्रात एकच सुई एकामागून एक सर्व रिएजंटांत बुडते. धुण्याची सोय असते, तरी लेशमात्र अवशेष पुढच्या तपासणीत जातोच. ट्रायग्लिसराइडच्या रिएजंटमध्ये लायपेज हे एन्झाइम घातलेले असते. त्यानंतर लगेच रुग्णाचे लायपेज मोजले तर ते वाढलेले दिसू शकते आणि साध्या पोटदुखीला स्वादुपिंडदाहाची शंका चिकटते. एसजीपीटीच्या रिएजंटमध्ये एलडीएच असते, ते पुढच्या एलडीएचच्या तपासणीत डोकावते. फॉस्फेट बफर असलेल्या रिएजंटचा अंश फॉस्फरसला बाधतो. यंत्राच्या कंपनीने आपल्या रिएजंटांचा अभ्यास करून कोणत्या जोडीच्या मध्ये जादा धुलाई हवी, ह्याची सारणी यंत्रात घातलेली असते. दुसऱ्या कंपनीच्या बाटलीत काय आहे हे त्या सारणीला ठाऊक नसते. ही सारणी आपली आपण तयार करावी लागते. काम कंटाळवाणे आहे. माझ्या प्रयोगशाळेत त्याला दोन रविवार लागले.

कॅलिब्रेटर आणि कंट्रोल ह्यांच्याविषयी थोडक्यात सांगतो. कॅलिब्रेटरवर छापलेला आकडा हा सोन्याच्या वजनासारखा सर्वत्र एकच असतो, असा समज आहे. प्रत्यक्षात तो विशिष्ट रिएजंट आणि विशिष्ट यंत्र ह्यांच्या जोडीसाठी ठरवलेला असतो, कारण कॅलिब्रेटर हे प्रक्रिया केलेले सीरम असते आणि ते ताज्या सीरमप्रमाणे वागेलच असे नाही. म्हणून यंत्र एकाचे, रिएजंट दुसऱ्याचे आणि कॅलिब्रेटर तिसऱ्याचा, अशी त्रिस्थळी यात्रा मी करत नाही. रिएजंट ज्याचे, कॅलिब्रेटरही त्याचाच. कंट्रोलच्या बाबतीत मात्र नियम बरोबर उलटा आहे, आणि ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तेथे तिसऱ्याचाच माल चांगला! रिएजंटच्या कंपनीचाच कंट्रोल पुष्कळदा कॅलिब्रेटरच्याच जातीचा असतो, त्यामुळे दोघे मिळून एकाच दिशेने चुकतात आणि चूक दिसत नाही. आयएसओ १५१८९ ह्या मानकाच्या २०१२च्या आवृत्तीने स्वतंत्र, त्रयस्थ कंट्रोल वापरण्याचा विचार करावा असे स्पष्ट म्हटले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या बाह्य गुणवत्ता योजनेसारख्या योजनांत भाग घेताना आपली पद्धत प्रामाणिकपणे नोंदवणेही तितकेच महत्त्वाचे. पद्धत चुकीची लिहिली तर आपली तुलना भलत्याच गटाशी होते आणि आलेला शेरा, बरा असो वा वाईट, निरर्थक ठरतो.

नवे रिएजंट चालू करण्यापूर्वी मी काय करतो, हे विचारले जाते. निदान चाळीस रुग्णांचे नमुने, कमी, मध्यम आणि उच्च अशा सर्व पातळ्यांचे, काही दिवसांत विभागून, जुन्या आणि नव्या दोन्ही रिएजंटांवर लावतो. मग दोन्ही आकड्यांतील फरक त्यांच्या सरासरीसमोर आलेखावर मांडतो. ब्लँड आणि ऑल्टमन ह्यांनी १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. विक्रेते येतात ते 'को-रिलेशन ०.९९ आहे साहेब' असे सांगत. ह्या वाक्याला भुलू नये. एक पद्धत दुसरीच्या बरोबर दुप्पट आकडा देत असली, तरी सहसंबंध पूर्ण १ येतो. वर सांगितलेल्या गृहस्थांच्या दोन अल्कलाइन फॉस्फटेजांचा सहसंबंधही उत्तमच आला असता.

कायद्याचीही एक बाजू आहे. वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ हे १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि तपासणीची रिएजंटे व कॅलिब्रेटर त्यांच्या कक्षेत आली. तेव्हा स्वस्त घ्यावे, पण परवाना क्रमांक पाहून घ्यावे. बंदिस्त यंत्राच्या रिकाम्या बारकोडच्या बाटलीत दुसरे रसायन भरून यंत्राला फसवण्याचा उद्योग काही ठिकाणी चालतो, असे ऐकतो. तो मला सर्वस्वी अमान्य आहे. ओपन यंत्रात दुसऱ्याचे रिएजंट वापरणारा निदान स्वतःच्या नावाने मापदंड भरतो आणि त्याची जबाबदारी घेतो. येथे मात्र यंत्राच्या नोंदीत एक लॉट नंबर आणि आत भलतेच काही, म्हणजे पुढे काही बिघडले तर शोध घेण्याची वाटच बुजवून टाकलेली असते. अमेरिकेत १९८८च्या 'क्लिया' कायद्याखालील नियमांनुसार मान्यताप्राप्त तपासणीत प्रयोगशाळेने बदल केला, की त्या तपासणीची विश्वासार्हता नव्याने सिद्ध करण्याचा भार प्रयोगशाळेवर येतो. हा न्याय मला योग्य वाटतो.

मग कोठे बदल करावा आणि कोठे करू नये? माझा स्वतःचा नियम असा : ग्लुकोज, युरिया, कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एकूण प्रथिने ह्या तपासण्यांची रसायने सर्वपरिचित आहेत, तेथे चांगल्या भारतीय कंपन्यांचे रिएजंट मी निःशंकपणे, अर्थात पडताळणी करून, वापरतो, त्यातून वाचलेल्या पैशांमुळेच काही तपासण्यांचे दर मला बरीच वर्षे वाढवावे लागलेले नाहीत. एन्झाइमांच्या बाबतीत आंतरराष्ट्रीय प्रमाण पद्धतीचेच रिएजंट घेतो, मग कंपनी कोणतीही असो. टीएसएच, ट्रोपोनिन, पीएसए अशा प्रतिपिंडांवर आधारित तपासण्यांत मात्र हात घालत नाही. तेथे प्रत्येक कंपनीचे प्रतिपिंड रेणूचा वेगळा भाग पकडते, आणि रिएजंट बदलणे म्हणजे तपासणीच बदलणे होय.

रिएजंटची पद्धत बदलली की आम्ही पुढील दोन महिने रिपोर्टच्या तळाशी एक ओळ छापतो : अमुक तारखेपासून ह्या तपासणीची पद्धत बदलली आहे, पूर्वीच्या आकड्यांशी तुलना करताना कृपया संपर्क साधावा. सुरुवातीला ह्या ओळीमुळे फोन वाढतील अशी धास्ती होती. फोन थोडेच आले, आणि जे आले ते नेमके ज्यांना गरज होती त्यांचे. आपल्या रुग्णाचा एखादा आकडा प्रकृतीशी न जुळता एकदम बदलला, तर त्याला स्कॅनला पाठवण्यापूर्वी आपण प्रयोगशाळेला एवढेच विचारावे, की मधल्या काळात बाटली बदलली का, आणि नमुना शिल्लक असेल तर तो जुन्या पद्धतीवर पुन्हा लावता येईल का. आमच्याकडे नमुने थंड कपाटात तीन दिवस ठेवतो, म्हणून हा फोन लवकर यावा.

सध्या आमच्याकडे अल्ब्युमिनचे रिएजंट बदलण्याची चाचणी चालू आहे, बी.सी.जी.कडून बी.सी.पी.कडे. पहिले रंगद्रव्य काही ग्लोब्युलिनांनाही चिकटते, त्यामुळे ज्यांचे अल्ब्युमिन मुळात कमी आहे त्यांचा आकडा वर दिसतो; नव्या पद्धतीत तो खाली येईल. नेफ्रॉटिक सिंड्रोम आणि डायलिसिसच्या रुग्णांना हा फरक अधिक जाणवेल, म्हणून त्यांच्या रिपोर्टवर पहिले दोन महिने दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातील. जास्तीच्या तपासणीचे शुल्क रुग्णाकडून घेतले जाणार नाही.